विश्लेषण : भेगेतले पाणी डोंगर कसा हलवते? कोयनेच्या भूकंपाआधीच त्याचे सूत्र मांडणारे कार्ल टर्झागी कोण होते?

चिपळूणहून कऱ्हाडकडे निघाले की कुंभार्ली घाट चढण्याआधी पोफळी लागते. घाटमाथ्यावरील कोयनेच्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांमधून येथे उतरते, वीज तयार करते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. ही वाट अभियंत्यांनी आखलेली आहे. मात्र त्याच जलाशयाचे पाणी आणखी एका वाटेवर आपला दाब पोहोचवते. ती वाट खडकातील नैसर्गिक भेगांची आहे. ती कोणी आखलेली नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही. या भेगांमध्ये खडकाचा दाब आणि पाण्याचा दाब यांची जी ओढाताण चालते, तिचे साधे सूत्र मांडले कार्ल टर्झागी यांनी. स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात भेटते. पण त्यांच्या आयुष्याचा आणि कोकणातल्या कातळाचा संबंध फारसा सांगितला जात नाही.

कोयनेला काय घडले होते?

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर परिसरात 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली. कोयनानगर वसाहतीतील बहुतांश घरे पडली, 103 मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीला वरच्या भागात आडव्या भेगा गेल्या आणि मुंबईचा वीजपुरवठा विस्कळीत झाला. सह्याद्रीच्या अलीकडे चिपळूण, खेड, संगमेश्वर या भागांतही जमीन जोरात हादरली.

दख्खनचा काळा कातळ तोवर देशातील सर्वांत स्थिर भूभागांपैकी एक समजला जात होता. मग भूकंप आला कुठून? धरणात 1962 पासून पाणी साठवायला सुरुवात झाली होती आणि त्यानंतर थोड्याच काळात परिसरात लहान धक्के जाणवू लागले होते. पाणी भरणे आणि जमीन हलणे यांचा संबंध असू शकतो का, हा प्रश्न जगभरच्या शास्त्रज्ञांपुढे आला. जलाशयाशी निगडित भूकंपांमध्ये कोयनेचा हा धक्का आजही सर्वांत मोठ्यांपैकी एक गणला जातो. त्याचे स्पष्टीकरण ज्या सूत्रावर उभे आहे ते त्याआधी तीस-चाळीस वर्षे तयार होते. ते मांडणारे टर्झागी मात्र भूकंपाच्या चार वर्षे आधीच जग सोडून गेले होते.

टर्झागी कोण होते?

कार्ल टर्झागी यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1883 रोजी प्राग येथे झाला. तेव्हा प्राग हे ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातले शहर होते. वडील सैन्यात अधिकारी होते. निवृत्तीनंतर कुटुंब ग्राझ येथे आले. मुलानेही सैन्यात जावे म्हणून वयाच्या दहाव्या वर्षीच त्यांना लष्करी निवासी शाळेत घातले गेले. तिथे त्यांना गोडी लागली ती खगोलशास्त्राची, भूगोलाची आणि गणिताची.

1900 मध्ये त्यांनी ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. विद्यार्थी म्हणून ते शिस्तीचे नव्हते. एकदा तर विद्यापीठातून काढून टाकण्याची वेळ आली होती. तरीही 1904 मध्ये त्यांनी चांगल्या गुणांनी पदवी मिळवली. त्यानंतरच्या सक्तीच्या लष्करी सेवेच्या वर्षात त्यांनी भूशास्त्राच्या एका इंग्रजी पुस्तकाचा जर्मन अनुवाद केला आणि स्वतःची भर घालून तो वाढवला. मग पुन्हा विद्यापीठात जाऊन वर्षभर भूशास्त्र, रस्ते आणि रेल्वेबांधणी हे विषय शिकले. यंत्र अभियंत्याची पदवी आणि भूशास्त्राची ओढ हे मिश्रण त्या काळी दुर्मिळ होते. पुढचे सारे काम त्यातूनच आले.

पहिली नोकरी व्हिएन्नातील एका बांधकाम कंपनीत लागली. जलविद्युत प्रकल्पाच्या पाहणीसाठी त्यांना क्रोएशियात पाठवण्यात आले. तो सगळा प्रदेश चुनखडीचा होता. तिथे नद्या जमिनीवरून अचानक गायब होतात आणि काही मैलांवर पुन्हा झऱ्याच्या रूपाने वर येतात. पाणी खडकातून जात नाही, खडकातील भेगांतून जाते, हे त्यांनी तिथे प्रत्यक्ष पाहिले आणि त्या भूजलावर एक अभ्यासही प्रसिद्ध केला.

1912 मध्ये डॉक्टरेट मिळवून ते अमेरिकेला गेले आणि पश्चिमेकडील मोठ्या धरणांची कामे पाहत फिरले. त्यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. पोलाद किंवा काँक्रीट किती भार सोसेल हे अभियंते गणिताने सांगू शकत होते. पण ज्या जमिनीवर हे सगळे उभे राहणार, तिच्याबद्दल मात्र अंदाजच चालत. 1913 च्या डिसेंबरात ते ऑस्ट्रियात परतले आणि काही महिन्यांतच पहिले महायुद्ध सुरू झाले.

इस्तंबूलमध्ये कोणता शोध लागला?

युद्धात काही काळ काढल्यावर 1916 मध्ये टर्झागी यांची नेमणूक इस्तंबूलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाली. युद्ध हरल्यावर ती नोकरी गेली. मग त्याच शहरातील रॉबर्ट कॉलेजमध्ये त्यांना शिकवण्याचे काम मिळाले. प्रयोगशाळा अशी नव्हतीच. हाताशी आलेल्या जुन्या, टाकाऊ वस्तूंतून त्यांनी उपकरणे जोडली आणि ओल्या चिकणमातीवर वजन ठेवून ती किती आणि किती वेळात दबते, हे मोजायला सुरुवात केली.

हा प्रयोग समजून घ्यायला श्रीखंडाचा चक्का आठवावा. दही फडक्यात बांधून त्यावर वजन ठेवले, तर ते क्षणात घट्ट होत नाही. सुरुवातीला वजनाचा मोठा भाग आतले पाणी पेलते. पाणी जसजसे गळते, तसतसे वजन दह्याच्या घन भागावर येते आणि चक्का दाटतो. पाणी जाण्याच्या वाटा जितक्या बारीक, तितका वेळ जास्त. चिकणमातीतही असेच घडते. फक्त तिथल्या वाटा इतक्या बारीक असतात की इमारत खचायला वर्षेच्या वर्षे लागतात.

यातून टर्झागी यांनी दोन गोष्टी मांडल्या. पहिली अशी, की जमिनीवर येणारा एकूण भार दोघांत वाटला जातो. काही भाग घन कण पेलतात, काही भाग छिद्रांतले पाणी. जमीन किती दबेल आणि किती भक्कम राहील, हे एकूण भारावर ठरत नाही. एकूण भारातून पाण्याचा दाब वजा केल्यावर जे उरते, त्यावर ठरते. या उरलेल्या भागाला अभियंते ‘इफेक्टिव्ह स्ट्रेस’ म्हणतात, मराठीत प्रभावी दाब म्हणता येईल. दुसरी गोष्ट वेळेची. एका ठिकाणी वाढलेला पाण्याचा दाब आजूबाजूला किती वेगाने पसरेल, याचे समीकरण त्यांनी 1923 मध्ये दिले. तापलेल्या लोखंडी कांबीत उष्णता जशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते, तसाच दाबही सरकतो, असे हे समीकरण सांगते.

1925 मध्ये त्यांचे जर्मन पुस्तक व्हिएन्नात प्रसिद्ध झाले आणि मृदा यांत्रिकी हा विषय जन्माला आला. त्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने त्यांना बोलावून घेतले.

मातीचे सूत्र खडकाला कसे लागू होते?

कोकणातला काळा कातळ घट्ट असतो. त्याचा तुकडा पाण्यात ठेवला तरी फारसे पाणी शोषत नाही. मग विहिरीला, बोअरवेलला पाणी येते कुठून? मुख्यतः भेगांतून, सांध्यांतून आणि लाव्हाच्या दोन थरांमधील फटींतून. म्हणजे खडकात पाण्याची वाट किती मोठी, हे भेग किती उघडी आहे त्यावर ठरते.

येथे एक गणित महत्त्वाचे आहे. दोन सपाट पृष्ठभागांमधल्या फटीतून वाहणारे पाणी फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. फट निम्मी झाली तर पाणी निम्मे होत नाही, आठव्या हिश्शावर येते. फट एक दशांश झाली तर पाणी हजाराव्या हिश्शावर येते. म्हणून खडकावरचा दाब थोडा बदलला आणि भेग केसाएवढी मिटली किंवा उघडली, तरी प्रवाहात मोठा फरक पडतो.

भेग मिटवणारा असतो तो खडकाचा दाब. वरच्या थरांचे वजन आणि पृथ्वीच्या कवचातील आडवा रेटा मिळून तो तयार होतो. खोल जावे तसा तो वाढतो आणि भेगा घट्ट होत जातात. कातळात बोअर जास्त खोल नेला म्हणजे पाणी लागेलच असे का नसते, याचे हेही एक कारण आहे. भेगेची दिशाही महत्त्वाची असते. ज्या भेगांवर रेटा समोरून येतो त्या मिटतात. रेट्याच्या दिशेला समांतर असलेल्या भेगा तुलनेने उघड्या राहतात.

भेग उघडू पाहणारा असतो तो तिच्यातील पाण्याचा दाब. समजा, भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर 100 टनांनी दाबल्या जात आहेत आणि आतले पाणी 40 टनांनी उलट रेटत आहे. तर बाजूंना एकत्र धरून ठेवणारा दाब उरला 60 टन. दोन्ही बाजू एकमेकींवरून घसरू नयेत म्हणून लागणारे घर्षण या 60 वर अवलंबून असते, 100 वर नाही. पाण्याचा दाब 40 वरून 60 झाला की पकड आणखी ढिली होते. खडक तोच, वजन तेच, पण घसरण्याची शक्यता वाढते. गरम वाटी ओल्या ओट्यावर पालथी ठेवली की ती आपोआप सरकते, तसाच हा प्रकार. वाटीचे वजन कमी झालेले नसते. आत कोंडलेली तापलेली हवा तिला किंचित उचलून धरते, एवढेच.

व्हिएन्नातील वाद काय होता?

1929 मध्ये टर्झागी व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतले. त्याआधी अमेरिकेत त्यांची ओळख रुथ डॉगेट या भूशास्त्राच्या संशोधक विद्यार्थिनीशी झाली होती. 1930 मध्ये दोघांनी लग्न केले. नावलौकिक वाढत होता, युरोपभरातून सल्ल्यासाठी बोलावणी येत होती. 1936 मध्ये या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद हार्वर्ड विद्यापीठात भरली आणि अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. प्रभावी दाबाचे तत्त्व त्यांनी सर्वांत स्पष्टपणे मांडले ते याच परिषदेत.

त्याच काळात विद्यापीठातील सहकारी प्राध्यापक पॉल फिलुंगर यांच्याशी त्यांचा वाद टोकाला गेला. वादाचे मूळ होते धरणांमध्ये. धरणाच्या भिंतीतील छिद्रांत आणि पायाखाली शिरलेले पाणी भिंतीला वर उचलू पाहते. हा उचल दाब किती धरायचा, यावर दोघांचे मतभेद होते. फिलुंगर गणितात काटेकोर होते. टर्झागी यांच्या सिद्धांतातील त्रुटींवर त्यांनी 1936 मध्ये एक पुस्तिका काढली. मात्र ती शास्त्रीय टीकेवर थांबली नाही. टर्झागी यांच्या सचोटीवरही तिने आक्षेप घेतला. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. निष्कर्ष टर्झागी यांच्या बाजूने लागणार, हे दिसू लागले. मार्च 1937 मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नीने आपले जीवन संपवले.

या घटनेचा उल्लेख अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत सहसा नसतो. तो करायला हवा, कारण पुढे काही दशकांनी संशोधकांनी फिलुंगर यांचे लिखाण पुन्हा तपासले, तेव्हा सच्छिद्र पदार्थांच्या आधुनिक सिद्धांताची बीजे त्यात सापडली. पाण्याच्या दाबाचा पदार्थाच्या मजबुतीवर होणारा परिणाम त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच तपासला होता. टर्झागी यांचे सूत्र प्रत्यक्ष कामात खरे ठरले, तरी त्या सूत्राचे श्रेय एकट्याचे नाही. आणि सिद्धांताचा वाद माणसांचा वाद झाला की काय किंमत मोजावी लागते, तेही या प्रकरणातून दिसले.

1938 मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्याच वर्षी टर्झागी कुटुंब अमेरिकेत स्थायिक झाले. हार्वर्डमध्ये ते शिकवू लागले आणि 1943 मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले.

मातीचा अभ्यासक खडकाकडे कसा वळला?

अमेरिकेत त्यांनी शिकागोच्या भुयारी रेल्वेपासून अनेक प्रकल्पांना सल्ला दिला. 1946 मध्ये बोगद्यांवरील एका पुस्तकासाठी त्यांनी खडकातील दोषांवर प्रकरण लिहिले. बोगद्याच्या छतावर किती भार येईल, हे खडक किती कठीण आहे यापेक्षा त्यात भेगा किती आणि कशा आहेत यावर ठरते, असे त्यात मांडले होते. त्यासाठी त्यांनी खडकाची अखंड ते पूर्ण चुरा झालेला अशी वर्गवारी दिली. ती अनेक दशके जगभर वापरली गेली आणि आजही शिकवली जाते.

रुथ टर्झागी यांचे कामही याच भेगांशी जोडलेले आहे. बोअर घेऊन खडकातील भेगा मोजल्या, तर बोअरला काटकोनात असलेल्या भेगा भरपूर सापडतात, पण बोअरला समांतर जाणाऱ्या भेगा निसटतात. सरळ खाली खणलेल्या बोअरमध्ये उभ्या भेगा जवळपास दिसतच नाहीत. ही चूक गणिताने कशी सुधारायची, ते रुथ यांनी 1965 मध्ये एका शोधनिबंधात दाखवले. आजही भेगांची मोजणी करताना ‘टर्झागी करेक्शन’ वापरतात. त्या नावामागे कार्ल नाहीत, रुथ आहेत, हे अनेक विद्यार्थ्यांना माहीत नसते.

माल्पासे धरण का फुटले?

2 डिसेंबर 1959 च्या रात्री फ्रान्सच्या दक्षिणेतील माल्पासे हे कमानी धरण पहिल्यांदाच पूर्ण भरत आले असताना फुटले. चारशेहून अधिक लोकांचा बळी गेला. काँक्रीटमध्ये मोठा दोष सापडला नाही. दोष डाव्या तीराखालच्या खडकात होता.

पुढच्या काही वर्षांत फ्रेंच अभियंत्यांनी तिथल्या खडकाचे नमुने दाबून त्यांतून पाणी सोडून पाहिले. दाब वाढवला की त्या खडकातील बारीक भेगा मिटत आणि पाणी जाणे खूपच कमी होत असे. इथे घटनाक्रमाचा उलगडा झाला. धरणाच्या कमानीने खडकाला रेटले. त्या रेट्याने भेगा मिटल्या. त्यामुळे जमिनीखाली जणू दुसरे अदृश्य धरण तयार झाले आणि पाझरणारे पाणी त्याच्यामागे तुंबले. तुंबलेल्या पाण्याचा दाब वाढला आणि त्याने खडकाचा मोठा तुकडा धरणासह ढकलून दिला. खडकावरचा दाब पाण्याची वाट बदलतो आणि बदललेले पाणी पुन्हा खडकाला हलवते, हे चक्र माल्पासेने जगाला दाखवले.

टर्झागी तेव्हा 76 वर्षांचे होते. इजिप्तमधील आस्वान धरणाच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी त्याच वर्षी, रशियन अभियंत्यांशी मतभेद झाल्यावर, सोडले होते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात, अत्यंत पाझरणाऱ्या जमिनीवर मिशन धरण बांधण्याचे अवघड काम त्यांच्या सल्ल्याने 1960 मध्ये पूर्ण झाले. 1965 मध्ये त्या धरणाला त्यांचे नाव देण्यात आले.

1962 मध्ये त्यांनी कठीण, न झिजलेल्या खडकाच्या उभ्या कड्यांवर निबंध लिहिला. कडा टिकेल की नाही हे खडकाच्या ताकदीवर ठरत नाही. भेगांची दिशा, त्यांच्यातील घर्षण आणि त्यांत साठलेल्या पाण्याचा दाब यांवर ठरते, असे त्याचे सार होते. चिकणमातीवर सुरू झालेला विचार असा चाळीस वर्षांनी अखंड दिसणाऱ्या कातळापर्यंत येऊन पोहोचला.

9 ऑक्टोबर 1963 रोजी इटलीत व्हायोंट धरणाच्या जलाशयात डोंगराचा कडा कोसळला. उसळलेली लाट धरणावरून खाली गेली आणि सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली. डोंगराच्या पायथ्याशी वाढलेल्या पाण्याच्या दाबाचा त्यात मोठा वाटा मानला जातो. त्यानंतर सोळा दिवसांनी, 25 ऑक्टोबर 1963 रोजी, मॅसॅच्युसेट्समधील विंचेस्टर येथे टर्झागी यांचे निधन झाले.

कोयनेचे कोडे या सूत्राने कसे उलगडते?

शंभर मीटर खोल पाणी तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 100 टन दाब टाकते. पाच किलोमीटर खोलीवर मात्र वरच्या खडकाचाच दाब चौरस मीटरला 13 हजार टनांहून अधिक असतो. त्यापुढे 100 टन किरकोळ वाटतात. मग एवढ्याने भूकंप कसा होईल?

उत्तर असे की कोयनेखालचा भ्रंश, म्हणजे खडकातील घसरू शकणारी मोठी भेग, आधीच सरकण्याच्या बेतात असावी. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे आणि त्या रेट्याचा ताण द्वीपकल्पाच्या आतही साठतो. शेवटच्या काडीएवढी भर पुरेशी असते. जलाशयाने भूकंपाची ऊर्जा तयार केली नाही. ती आधीच साठलेली होती. पाण्याने पकड सैल केली. म्हणूनच शास्त्रज्ञ असा भूकंप धरणाने घडवला असे म्हणण्याऐवजी धरणाने सुरू करून दिला, असे म्हणतात.

वेळेचे कोडेही टर्झागी यांच्या दुसऱ्या सूत्राने सुटते. पावसाळ्यात जलाशय भरतो, पण कोयना परिसरातील धक्क्यांचे प्रमाण अनेकदा त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी वाढते. पाण्याचे वजन लगेच जाणवते. पाण्याचा दाब मात्र भेगांमधून किलोमीटर खोल पसरायला वेळ घेतो. हा पसरण्याचा वेग सांगणारे समीकरण इस्तंबूलमधील चिकणमातीच्या समीकरणाचेच भावंड आहे. 1985 नंतर दक्षिणेला वारणा जलाशय भरू लागला आणि 1993 पासून त्या बाजूलाही धक्के वाढले, तेव्हा या मांडणीला आणखी बळ मिळाले.

प्रत्यक्ष खडक पाहण्यासाठी केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कऱ्हाड येथे बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली. 2017 मध्ये पाटण तालुक्यातील गोठणे येथे तीन किलोमीटर खोल पथदर्शी बोअर पूर्ण झाला. काळ्या कातळाची जाडी तिथे 1,247 मीटर निघाली. त्याखाली ग्रॅनाइट आणि नाइस हे फार जुने खडक आहेत. कोयनेचे भूकंप याच जुन्या खडकात होतात. खडकातील ताण किती, भेगा कोणत्या दिशेच्या आणि पाण्याचा दाब किती, हे तीन आकडे भूकंपाच्या मुळाशी जाऊन मोजणे, हा या कामाचा गाभा आहे.

रत्नागिरीला याचा काय उपयोग?

जिल्ह्यात या सूत्राच्या खुणा जागोजागी आहेत. संगमेश्वर तालुक्यातील तुरळ, राजवाडी, आरवली, दापोलीजवळचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे अशी गरम पाण्याची कुंडे सह्याद्रीच्या पश्चिमेला आढळतात. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाऊन तापते आणि दुसऱ्या भेगांनी वर येते. एवढ्या खोलीवर दाबामुळे बहुतेक भेगा मिटायला हव्यात. तरीही काही वाटा खुल्या आहेत, याचा अर्थ त्यांची दिशा किंवा त्यांच्या बाजूंचे पूर्वीचे सरकणे त्यांना उघडे ठेवत असावे. खडबडीत भेगेच्या बाजू एकदा सरकल्या की उंचवटे उंचवट्यांवर बसतात आणि फट पूर्वीसारखी मिटत नाही.

दरडींचा प्रश्न तर दरवर्षीचा आहे. जुलै 2021 मध्ये खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळून जीवितहानी झाली. अतिवृष्टीत उतारावरची माती आणि झिजलेला खडक केवळ जड होत नाही, तर त्यातील पाण्याचा दाब वाढून त्याची पकड सुटते. त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला वाट देणे, हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय ठरतो. महामार्गालगतच्या संरक्षक भिंतींत ओळीने पाइपची तोंडे दिसतात ती याचसाठी. ती चिखलाने बुजली की भिंतीमागे पाणी तुंबते आणि भिंत कितीही जाड असली तरी धोका वाढतो. पावसाळ्याआधी ती मोकळी करणे हे काम किरकोळ दिसते, पण तसे ते नाही.

गावकऱ्यांच्या अनुभवातील खुणांनाही या सूत्राचा आधार आहे. उतारावर नव्या जागी अचानक झरा फुटणे, नेहमीच्या झऱ्याचे पाणी गढूळ होणे, किंवा भर पावसात वाहता झरा एकाएकी थांबणे, या तिन्ही वेळी जमिनीखाली पाण्याची वाट बदललेली असू शकते. थांबलेला झरा विशेष काळजीचा, कारण पाणी आत तुंबत असण्याची शक्यता असते. अशा वेळी जमिनीला पडलेल्या नव्या भेगा, कललेली झाडे आणि खांब पाहावेत, ग्रामपंचायत व तहसील कार्यालयाला कळवावे आणि उताराखालील घरे वेळीच रिकामी करावीत.

टर्झागी यांनी आयुष्यभर एक पद्धत पाळली. गणित करायचे, पण जमिनीत उपकरणे बसवून प्रत्यक्ष मोजत राहायचे आणि मोजमाप वेगळे निघाले तर आराखडा बदलायचा. कोयनेच्या भूकंपमापकांच्या जाळ्यापासून गोठण्याच्या बोअरपर्यंत आज तेच चालले आहे. घाटातल्या आणि वाडीवरच्या उतारांवर मात्र पाण्याचा दाब मोजणारी साधी नळीही क्वचितच दिसते. तिथे अजून तरी झऱ्याकडे लक्ष ठेवणारा माणूसच पहिले उपकरण आहे.